पैठणची सहल आणि पाण्याखालचं माहेर

(हा आपल्या भागाचा लिहून काढलेला मजकूर आहे. बोलताना जिथं अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास जसं बोललो तसंच ठेवलंय. ज्यांना बसमध्ये रेंज मिळत नाही त्यांच्यासाठी खास.)

कुठून ऐकताय? मी बोलतोय तीर्थपुरीहून. जालना जिल्हा, घनसावंगी तालुका. मागं ट्रॅक्टरचा आवाज आला तर समजून घ्या, रस्त्याला लागूनच घर आहे.

आजचा विषय तुमच्यातल्याच एका श्रोत्यानं सुचवला. त्याचा मेसेज असा होता, की दादा, तुम्ही नेहमी लढाया आणि किल्ले सांगता, पण घरची सगळी मंडळी घेऊन, लेकराबाळांसकट, एका दिवसात जाऊन येता येईल अशा जागेचा इतिहास सांगा ना. आता आमच्या तीर्थपुरीत कुणालाही विचारा, "एक दिवस कुठं जायचं?" उत्तर ठरलेलं असतं. पैठण. वडीगोद्रीला हायवे लागतो, पाचोडवरून आत वळायचं, की पैठण. जालना, बीड, संभाजीनगर या तिन्ही जिल्ह्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जे शिकले, त्यांतल्या निम्म्यांची तरी पहिली सहल पैठणलाच गेलेली असणार. माझीही तिथंच गेली होती.

पाचवीत होतो. एसटी बुक केली होती. डब्यात पोळी आणि शेंगदाण्याची चटणी, खिशात दहा रुपये. नाथांचं मंदिर पाहिलं, धरण पाहिलं, मग ज्ञानेश्वर उद्यान. संध्याकाळी रंगीत लाईट लावून कारंजी नाचवली, तेव्हा आमच्या वर्गातली अर्धी पोरं आ वासून उभी होती. घरी आलो तर रात्रीचे अकरा वाजले होते. आजी जागीच होती. मी तिला धडाधडा सगळं सांगायला लागलो, एवढं मोठ्ठं पाणी, पलीकडचा काठच दिसत नाही, समुद्रच! ती म्हणाली, "त्यात काय पाह्याचं लेकरा. पाणीच हे नुसतं." आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

मला राग आला होता. तिला काय कळतंय, असं वाटलं होतं. तिला काय कळत होतं हे मला कळायला पुढं पंधरा-सोळा वर्षं गेली. आजचा भाग त्याबद्दल आहे. पण आधी पैठण.

आपण आता "फॅमिली ट्रिप" म्हणतो. आमच्याकडं जुन्या लोकांकडं हा शब्दही नव्हता आणि "पर्यटन"ही नव्हतं. जत्रा होती, यात्रा होती, वारी होती. बायकांना घराबाहेर पडायचं, लेकरांना पाळण्यात बसायचं, म्हाताऱ्यांना देव भेटायचा आणि सगळ्यांनाच रोजच्या कामातून दोन दिवस सुटायचं, हे सगळं एकाच निमित्तात बसवलेलं असायचं. पैठणला ते निमित्त म्हणजे नाथषष्ठी. संत एकनाथांनी १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत जलसमाधी घेतली. तेव्हापासून ती तिथी पैठणची. आजही राज्यभरातून दिंड्या येतात आणि अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी काल्याची दहीहंडी फुटते, मग यात्रा उठते. होळी होऊन पाचवा-सहावा दिवस. ऊन तापायला लागलेलं, रबीचं पीक निघालेलं, हातात थोडा पैसा. शेतकऱ्याच्या कॅलेंडरमध्ये याहून चांगली सुट्टी कोणती असणार?

लोक बैलगाडीनं यायचे आणि उतरायचे कुठं? लॉज नव्हते, भक्तनिवास नव्हते. उतरायचे नदीत. म्हणजे नदीच्या वाळवंटात. उन्हाळ्याच्या तोंडाला गोदावरीचं पाणी एका कडेला जायचं आणि मधे वाळूचा मोठा पट्टा उघडा पडायचा. तिथं गाड्या सोडायच्या, तीन दगडांची चूल मांडायची, वाळूत खड्डा केला की झिरपून आलेलं पाणी प्यायचं. लेकरं दिवसभर वाळूतच. म्हणजे आज आपण ज्याला "रिव्हर साईड कॅम्पिंग" म्हणून पैसे मोजतो ना, तेच, फुकटात, आणि सोबत रात्रभर कीर्तन.

या वाळवंटाशी एकनाथांची एक गोष्ट जोडलेली आहे, लहान मुलांना सांगण्यासारखी. भर दुपारी एक महाराचं लेकरू तापलेल्या वाळूत एकटं रडत होतं. त्या काळी त्याला कुणी शिवायला तयार नव्हतं. नाथांनी त्याला उचललं, कडेवर घेतलं, नाक पुसलं आणि त्याच्या घरी नेऊन पोहोचवलं. गोष्ट परंपरेनं आलेली आहे, तिला कागदाचा पुरावा मागू नका. पण सोळाव्या शतकात पैठणसारख्या कर्मठ गावात ही गोष्ट एका ब्राह्मणाबद्दल प्रेमानं सांगितली जाते आणि साडेचारशे वर्षं टिकते, हाच मला इतिहास वाटतो. कागदावरचं हवं असेल तर तेही आहे. याच माणसानं १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या वेगवेगळ्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत तयार केली. आज आपण "एडिटिंग" म्हणतो ते काम, आणि तेही फोनवर नाही, बोरूनं.

पैठणला गेलात तर नाथांची दोन ठिकाणं लक्षात ठेवा, कारण रिक्षावाला "नाथ मंदिर" म्हटलं की कुठलंही दाखवतो. एक नदीकाठचं समाधी मंदिर. दुसरं गावातलं, म्हणजे नाथांचा राहता वाडा. वाड्यात तो रांजण आहे. श्रीखंड्या नावाचा गडी नाथांच्या घरी बारा वर्षं कावडीनं पाणी भरत होता आणि तो प्रत्यक्ष श्रीकृष्ण होता, अशी कथा. तुकाराम बीजेपासून हा रांजण भरायला सुरुवात होते. लेकरांना रांजण भारी आवडतो. माझा भाचा त्यात डोकावून म्हणाला, "याला तोटी कुठंय?"

आता यापेक्षाही मागं जाऊ. फार नाही, दीड हजार वर्षंच.

पैठणचं जुनं नाव प्रतिष्ठान. सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुण्या ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराचं एक मार्गदर्शक लिहिलं, 'पेरिप्लस' म्हणून. त्यात पैठणचं नाव येतं. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आजचं तेर. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड गाड्यांवर लादून भडोचला जायचे आणि तिथून रोमन जगात. दुसरी वाट नाणेघाटातून कोकणात उतरायची. नाणेघाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून जो दगडी रांजण दाखवतात, त्याच्या रील तुम्ही पाहिल्याच असतील. त्या घाटातून जाणारा माल पैठणशी बांधलेला होता. पैठणात बाळासाहेब पाटील यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे, त्यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या सातवाहनकालीन वस्तूंचं. मातीची खेळणी, मणी, नाणी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेकराचं खेळणं आपल्या लेकराला दाखवायला मिळतं, यापेक्षा सोपा इतिहासाचा तास नाही.

आणि त्याच काळाशी जोडलेला एक ग्रंथ, 'गाथासप्तशती'. हाल नावाच्या सातवाहन राजाच्या नावावर आहे, भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पणजी. त्यात राजे आणि युद्धं जवळपास नाहीतच. शेतकरी आहेत, त्यांच्या बायका आहेत, प्रेमात पडलेली पोरं-पोरी आहेत आणि गोदावरीचा काठ आहे. थोडक्यात, घरच्यांना काहीतरी थाप मारून नदीवर जायचं, हा आपल्या भागातला फार जुना उद्योग आहे.

हे सगळं झालं नदीचं पैठण. मी पाचवीत पाहिलेलं पैठण मात्र धरणाचं होतं, आणि त्या दोन्हींच्या मधे माझी आजी उभी आहे.

धरणाचं नाव जायकवाडी. एक गंमत सांगतो, पैठणजवळ जायकवाडी नावाचं गावच नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या काळात गोदावरीवर धरण बांधायचा विचार झाला तेव्हा जागा बघितली होती बरीच खाली, बीड जिल्ह्यात जायकवाडी गावाजवळ. पुढं जागा बदलली, वर पैठणला आली, पण फायलीवरचं नाव तसंच राहिलं. सरकारी फायलीचं नाव बदलणं धरण बांधण्यापेक्षा अवघड असतं, असं आमचे एक सर म्हणायचे.

१८ ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली. तारीख नीट बघा. पाकिस्तानशी युद्ध थांबून महिनाही झाला नव्हता, धान्याची टंचाई होती आणि पुढच्या तीन महिन्यांत शास्त्रीजी गेले. मराठवाडा तेव्हा महाराष्ट्रात येऊन जेमतेम काही वर्षं झालेली, आणि इथली शेती सगळी पावसावर. मग १९७२ चा दुष्काळ आला. आमच्याकडचे म्हातारे अजून वय सांगताना "बहात्तरच्या दुष्काळात मी एवढा होतो" असं सांगतात. त्यानंतर धरणाला विरोध करणारं कोण उरणार? २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. तेव्हा मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण, मराठवाड्याचेच, आणि या धरणामागं त्यांचा जोर मोठा होता हे त्यांचे विरोधकही मानतात.

आकडे थोडक्यात सांगतो, म्हणजे लेकरांनी विचारलं तर सांगता येतील. मातीचं धरण. लांबी जवळपास १० किलोमीटर, उंची ४१ मीटरच्या आसपास, दरवाजे २७. एकूण साठा १०२ टीएमसीच्या वर, त्यातलं वापरता येणारं पाणी साधारण ७६ टीएमसी, बाकी २६ मृतसाठा. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. पोरांना हा आकडा सांगितला की ती थोडा वेळ गप्प बसतात, हा फायदा.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो दुसराच आकडा. जलाशय पूर्ण भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतो. आता भागाकार करून बघा. सरासरी खोली निघते आठ-सव्वाआठ मीटर. कोयनेतही जवळपास इतकंच पाणी मावतं, पण ते डोंगरांच्या घळीत खोल उभं राहतं. आपल्याकडं डोंगर नाहीत. सपाट काळी जमीन. त्यामुळं नाथसागर हा परातीत पाणी ओतावं तसा आहे, उथळ आणि पसरट. परात पसरट म्हणून पक्ष्यांना आवडते. हिवाळ्यात रोहित येतात, चक्रवाक येतात, तऱ्हेतऱ्हेची बदकं येतात, आणि १९८६ मध्ये हे पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. परात पसरट म्हणून उन्हाळ्यात वाफ होऊन पाणीही खूप जातं. आणि परात पसरट म्हणूनच तिच्यात शंभराहून जास्त गावांच्या जमिनी गेल्या. नदीकाठच्या, गाळाच्या, सगळ्यात कसदार.

त्यातलं एक गाव माझ्या आजीचं माहेर.

पैठणच्या वरच्या अंगाला, गोदेच्या काठावर. आजी त्या गावाचं नाव घ्यायची नाही. "जुनं" एवढंच म्हणायची. "जुन्यात आमच्याकडं चिंच होती." "जुन्यातला मारोती." धरणग्रस्तांच्या घरात हा शब्द असाच वापरतात, जुनं आणि नवं. नवं म्हणजे पुनर्वसनात मिळालेलं, चुन्याची फक्की मारून आखलेले प्लॉट, सरळ रस्ते आणि एकही मोठं झाड नाही.

आजीचं लग्न १९६० नंतर लगेचच झालं आणि ती तीर्थपुरीला आली. पहिली काही वर्षं दिवाळीला, आखाजीला माहेरी जायची. बैलगाडीनं. वाटेत दोन मुक्काम, आणि त्यातला दुसरा पैठणच्या वाळवंटात. तिच्या तोंडून मी ऐकलेलं पैठणचं सगळ्यात सुंदर वर्णन ते होतं. रात्री वाळू गार पडायची, बैल रवंथ करायचे, तिचा भाऊ तिला न्यायला आलेला असायचा, आणि सकाळी उठून तोंड धुतलं की वाहतं पाणी कुठल्या बाजूनं येतंय ते बघायचं. "त्या अंगाला माहेर. पाणी माहेराहून यायचं," म्हणायची.

मग सत्तरीच्या सुरुवातीला गाव उठलं. तिच्या भावांनी घर उकललं. हो, उकललं. आमच्याकडं घर पाडत नाहीत, उकलतात. दाराची चौकट, सागाची वलं, दगडी पाटा, सगळं गाड्यांत भरून नव्या गावाला. चिंच नेता आली नाही. एक भाऊ नव्या गावी राहिला, एक मजुरीसाठी औरंगाबादला गेला, तिसरा कुठं गेला यावर घरात अजूनही भांडण होतं. म्हातारे आई-बाप दोन-तीन वर्षांत गेले. आणि आजीचं माहेरपण तिथं थांबलं. सासुरवाशिणीला माहेर नसणं म्हणजे काय, हे आमच्या आईला समजावून सांगावं लागलं नाही. मला लागलं.

आता खरी अडचण इथून पुढं आहे. धरणातून दोन मोठे कालवे निघतात. उजवा बीडकडं, १३२ किलोमीटर. डावा २०८ किलोमीटर, आमच्या जालना जिल्ह्यातून पुढं परभणीकडं. डावा कालवा आमच्या भागात आला. कॅनलची चारी आमच्या शेतापर्यंत आली. आजोबांच्या कोरडवाहू रानात, जिथं बाजरी आणि तूर सोडून काही होत नव्हतं, तिथं ऊस उभा राहिला. परिसरात साखर कारखाना आला, तीर्थपुरीचा बाजार वाढला, माझ्या बापाचं शिक्षण झालं, माझं झालं. मी आज ज्या माईकसमोर बोलतोय, तो त्या पाण्यावर आलेला आहे.

म्हणजे एकाच पाण्यानं आजीचं माहेर बुडवलं आणि सासर भिजवलं.

कॅनलला पाळी आली की आजोबा रात्री बॅटरी घेऊन पाणी धरायला जायचे. आजी त्यांना भाकरी बांधून द्यायची, पण कॅनलवर ती स्वतः कधी गेली नाही. मी तिला एकदा विचारलं होतं, तुला राग येतो का? ती म्हणाली, "कुणाचा धरू? पाणी आलं तर लेकरं शिकली." मग जरा वेळानं, "पण इच्यारलं न्हाई कुणी."

तर पाचवीतल्या पोराला ती "पाणीच हे नुसतं" का म्हणाली, ते आता कळलं असेल.

बरं, मग उद्यान कुठून आलं? ही आयडिया मूळची म्हैसूरची. तिथं कावेरीवर कृष्णराजसागर धरण बांधलं आणि त्याच्या पायथ्याशी वृंदावन गार्डन केलं, १९३२ मध्ये पूर्ण झालं. धरणाच्या पाण्याच्या दाबावर कारंजी, त्यांना विजेचे रंगीत दिवे. हिंदी सिनेमावाल्यांनी तिथं इतकी गाणी शूट केली की पुढं प्रत्येक राज्याला वाटलं, आपल्याही धरणाखाली असं एक हवं. पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान त्याच नमुन्यावर केलं, तब्बल १२४ हेक्टरवर. नाव ज्ञानेश्वरांचं, कारण त्यांच्या घराण्याचं मूळ गाव आपेगाव पैठणपासून जवळच, गोदेच्या काठीच आहे. आणि पैठणातल्याच नागघाटावर त्यांनी रेड्याकडून वेद वदवले अशी कथा आहे.

शहरातल्या माणसाला या उद्यानाचं अप्रूप कळणार नाही. आमच्या गावात तेव्हा बारा-बारा तास लोडशेडिंग. रात्री अभ्यास कंदिलावर. अशा पोरांना तिथं नेऊन लाल, हिरवं, निळं पाणी नाचवून दाखवलं. आम्हाला ते विकास म्हणून कुणी सांगितलं नाही, पण आम्ही ते विकास म्हणूनच पाहिलं. पुढं उद्यानाची रया गेली, बरीच वर्षं ते दुरवस्थेत होतं, नूतनीकरणाच्या बातम्या येत राहिल्या. म्हणून लेकरांना "कारंजं दाखवतो" असं वचन देऊन निघू नका, आधी चौकशी करा. रडारड मी स्वतः अनुभवलीय.

२०१९ चा उन्हाळा आठवतोय का? धरण मृतसाठ्यात गेलं होतं. वरच्या बाजूला पाणी हटलं आणि बुडालेल्या गावांचे अवशेष दिसायला लागले. व्हॉट्सअॅपवर फोटो फिरत होते, कुठं देवळाचा चौथरा, कुठं घाटाच्या पायऱ्या. आमच्या मामाच्या फोनवर एक फोटो आला आणि आजीनं चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "मला न्या."

पंचाहत्तरीची बाई, मे महिन्याचं ऊन. मामानं जीप काढली. मी, आई, मामा, मामी, त्यांची दोन पोरं आणि आजी. म्हणजे बघा, फॅमिली ट्रिपच की. डबे, पाण्याचे जार, पोरांच्या टोप्या. एका ठिकाणी रस्ता संपला आणि भेगाळलेला गाळ सुरू झाला. तिथून चालत. शंखांचा आणि वाळलेल्या शिंपल्यांचा चुरा पायाखाली वाजत होता.

मला वाटलं होतं, सिनेमात होतं तसं काहीतरी होईल, ती रडेल. ती रडली नाही. ती दिशा लावत होती. उभी राहून हातानं, इथं वेस, इथून नदीची वाट, हा मारोतीचा चौथरा. मारोतीची मूर्ती नव्या गावाला नेलेली, चौथराच उरलेला. त्यावरून पावलं मोजत ती पुढं गेली आणि एका सपाट जागी थांबली. दगडांचे चार थर, जोतं असेल किंवा नसेलही. "हेच," म्हणाली. मामाला शंका होती, पण तो काही बोलला नाही.

गंमत अशी, की तिथं शेती चालू होती. पाणी हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गाळपेरा करतात. आजीच्या गावठाणाच्या कडेलाच टरबुजाचा वाफा होता आणि राखणदार छपरीत झोपलेला. आजीनं त्याला उठवलं, भाव विचारला, भाव केला, दहा रुपये कमी करून घेतले आणि दोन टरबुजं घेतली. आम्ही तिथंच बसून फोडलं. लेकरांची तोंडं लाल झालेली. आजी म्हणाली, "माझ्याच बापाच्या रानातलं टरबूज म्या इकत घेतलं," आणि इतकी हसली, इतकी हसली, की पदरानं डोळे पुसावे लागले. ते कशानं आलेलं पाणी होतं, हे आम्ही विचारलं नाही. दुसरं टरबूज तिनं मांडीवर घेऊन घरापर्यंत आणलं.

परतताना तिनं स्वतःहून जीप पैठणला घ्यायला लावली. वाड्यातल्या रांजणाला हात लावून नमस्कार केला. मग धरणाच्या खालच्या अंगाला, जिथं पूर्वी वाळवंट होतं, तिथं जरा उभी राहिली. वाहतं पाणी नव्हतं, डबकी होती. धरणाची भिंत लांबपर्यंत दिसत होती. "एवढी लांब बांधली व्हय," म्हणाली. पंचेचाळीस वर्षांत तिनं ती भिंत पहिल्यांदाच पाहिली.

त्याच वर्षी नाशिककडं इतका पाऊस झाला की धरण भरलं आणि जुनं गाव पुन्हा पाण्याखाली गेलं. आजी २०२१ मध्ये गेली.

आता जायचं असेल त्यांच्यासाठी, माझ्या मते दिवस कसा लावावा ते सांगतो. सकाळी लवकर नाथांचा वाडा आणि नागघाट, ऊन चढायच्या आत. मग पैठणी विणणं बघायला जा. दुकानात नाही, हातमागावर. पदरावरचा मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते आणि विणकर ती बोटांनी फिरवतो, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. एका साडीला कित्येक आठवडे, भारी असेल तर महिने. आज पैठण्या जास्त येवल्यात विणल्या जातात, पण नाव या गावाचं. लेकरांना दहा मिनिटं मागासमोर उभं करा, किंमत का एवढी असते ते तुम्हाला सांगावं लागणार नाही. दुपारी संग्रहालय, सावली असते. उतरत्या उन्हात नाथसागर. हिवाळ्यात गेलात तर दुर्बीण घ्या, पक्ष्यांसाठी.

पावसाळ्यात दरवाजे उघडल्याची बातमी आली की लोक व्हिडिओ करायला धावतात. दिसतं भारी, मान्य. पण ऑगस्ट २००६ मध्ये याच धरणातून एवढं पाणी सोडावं लागलं होतं की पैठण शहरात पाणी शिरलं होतं. भोंगा वाजला की काठावरून मागं या. सेल्फी नंतर.

आणि धरणावर उभं राहून लेकरानं विचारलं, "एवढं पाणी येतं कुठून?" तर खरं सांगा. नाशिक आणि नगर जिल्ह्यांतून. वर धरणं आहेत, त्यांनाही पाणी हवं असतं. २००५ मध्ये राज्यानं जलसंपत्ती नियमनाचा कायदा केला आणि आता १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडायचं, असं ठरलेलं आहे. दर दुष्काळी वर्षी यावरून भांडण होतं, मोर्चे निघतात, कोर्टात जातात. आजीच्या भाषेत, पाणी अजूनही कुणाच्या तरी माहेराहूनच येतं.

पुढचा भाग आपेगाववर करायचा विचार आहे. त्याआधी एक काम तुमच्याकडं. तुमच्या घरात कुणाचं "जुनं" असेल, जायकवाडीतलं असो, उजनीतलं असो नाहीतर कोयनेतलं, तर त्यांच्या शेजारी बसा, फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि त्यांना फक्त एवढंच विचारा, की वेशीतून आत आलं की पहिलं घर कुणाचं होतं. पुढचं ते आपोआप सांगतात. व्हॉइस नोट पाठवा. आजीची एकच माझ्याकडं आहे, त्या दिवशीची. चौदा सेकंदांची. तिच्यात ती टरबुजाचा भाव करतेय.